माती परीक्षण सारखं आलं पण जमिनीचं नाव वेगळं, असं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. काटोलकडे दोन वावरं आहेत, एक टेकडीच्या उतारावर आणि दुसरं खाली नाल्याजवळ. माती दोन्हीकडे काळीच, प्रयोगशाळेचा रिपोर्टही जवळपास सारखा म्हणजे सामू (पीएच) ८ च्या आसपास, सेंद्रिय कर्ब मध्यम, पालाश (पोटॅश) भरपूर. पण मृदा सर्वेक्षणाच्या कागदात वरच्या वावराला टिपिक हॅप्लुस्टेप्ट आणि खालच्याला टिपिक हॅप्लुस्टर्ट लिहिलंय, आणि थरांपुढे एपी, बीडब्ल्यू, बीएसएस, सीआर अशी अक्षरं आहेत. हे काय प्रकरण आहे आणि संत्रा लावायचाय तर त्याने काय फरक पडतो?

फरक भरपूर पडतो भाऊ, आणि नेमका तोच फरक तुमच्या माती परीक्षणात दिसत नाही. कारण परीक्षणासाठी आपण नमुना घेतो तो वरच्या ८-९ इंचातला, खुरप्याने व्ही आकाराचा खड्डा करून. तिथे दोन्ही वावरांत एकाच काळ्या खडकाची, म्हणजे बेसाल्टची झिजून झालेली माती आहे, वर्षानुवर्षं तेच शेणखत तीच पिकं, मग आकडे सारखे येणारच की. पण संत्र्याचं झाड काही ९ इंचावर जगत नाही, त्याच्या कामाची मुळं दोन-तीन फुटापर्यंत जातात आणि झाड उभं राहणार की आठव्या-दहाव्या वर्षी वाळायला लागणार हे खालच्या थरात ठरतं. सर्वेक्षणवाल्यांनी खड्डा खणून खालपर्यंत बघितलं म्हणून त्यांना दोन जमिनी दिसल्या. मी स्वतः याच कामात वर्षं घालवली आहेत त्यामुळे जरा सविस्तरच सांगतो, चहा घेऊन बसा.

आधी थर कसे बघतात ते. साधारण दीड-दोन मीटर खोल आणि आत माणूस उतरून उभा राहील एवढा रुंद खड्डा घेतात, मध्ये मुरूम किंवा खडक लागला तर तिथे थांबायचं. ज्या बाजूवर नीट ऊन पडतं ती बाजू वाचायला ठेवायची आणि त्या बाजूच्या वर कुणी उभं राहायचं नाही, खणलेली मातीही तिकडे टाकायची नाही, नाहीतर वरचा थर तुडवला जातो आणि तुम्ही लिहिता ते माणसाच्या पायाचं वर्णन होतं. फावड्याने कापलेली भिंत गुळगुळीत दिसते, त्यावर काहीच कळत नाही, म्हणून चाकूच्या टोकाने वरून खाली थोडी थोडी माती टोकरून काढायची म्हणजे ढेकळं आपापल्या नैसर्गिक भेगांवर सुटतात. मग लांबून बघायचं, रंग कुठे बदलतो, खडे कुठे सुरू होतात, मुळं कुठे संपतात, आणि चाकूने टोचत टोचत वरून खाली यायचं, हाताला बदल जाणवतो. तिथे खूण. प्रयोगशाळेसाठी नमुने मात्र खालून वर घ्यायचे, वरची माती सांडून खालचा नमुना खराब होऊ नये म्हणून. ही साधी गोष्ट आहे पण ती न पाळल्यामुळे किती रिपोर्ट फुकट गेलेत त्याचा हिशोब नाही.

प्रत्येक थराचं काय लिहितात? खोली सेंटिमीटरमध्ये, रंग, पोत, घडण, कोरडी-ओली असताना कशी लागते, आम्ल टाकल्यावर फसफसते का, मुळं किती, खडे किती, आणि खालच्या थराशी सीमा कशी आहे. सीमा २ सेंमीच्या आत बदलत असेल तर एकदम, ५ पर्यंत स्पष्ट, १५ पर्यंत हळूहळू, आणि त्याच्याही वर म्हणजे कळत न कळत. खोल काळ्या जमिनीत बहुतेक सीमा या शेवटच्या दोन प्रकारच्या असतात आणि नवीन पोरं तिथेच भांडत बसतात की रेघ ४० वर मारू का ५० वर. रेघ कुठेही मारा, लिहिताना मात्र खरं लिहा की बदल हळूहळू आहे.

रंगासाठी मन्सेलची पुस्तिका असते, रंगांच्या चौकटी चिकटवलेली, मातीचा खडा थोडा ओला करून चौकटीशेजारी धरायचा आणि सावली पडू द्यायची नाही. तुमच्याकडची काळी माती ओली असताना बहुतेकदा १०वायआर ३/१ किंवा ३/२ येईल. यातला पहिला भाग रंगछटा, दुसरा आकडा उजळ-गडद, तिसरा रंग किती चढा आहे ते. इथे एक गैरसमज सगळीकडे आहे तो आत्ताच काढून टाका, काळी माती म्हणजे सेंद्रिय कर्ब भरपूर असं अजिबात नाही. आपल्या दख्खनच्या काळ्या जमिनीत कर्ब बऱ्याचदा अर्धा-पाऊण टक्का असतो, थोडासाच सेंद्रिय भाग चिकण मातीच्या कणांना इतका घट्ट धरून बसतो की सगळीच काळी दिसते. रशियातली काळी माती वेगळी, तिथे काळेपणा खरोखर गवताच्या कुजलेल्या मुळांचा आहे. दोकुचायेव नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८८३ मध्ये त्या मातीवर मोठं काम छापलं आणि माती म्हणजे नुसता झिजलेला खडक नाही, हवामान, सजीव, उतार, खडक आणि काळ या सगळ्यांनी मिळून घडवलेली स्वतंत्र वस्तू आहे हे तिथून पुढे आलं. थरांना ए, बी, सी म्हणायची रीतही त्याच रशियन मंडळींकडून आली.

पोत हाताने बघतात. मूठभर माती भिजवून मळायची, अंगठा आणि बोट यांच्यात दाबून पट्टी काढायची. पट्टी निघालीच नाही तर रेताड, जेमतेम इंचभर निघून तुटली तर पोयटा, आणि दोन इंचाच्या वर सलग लोंबली तर चिकण. तुमच्या खालच्या वावरातली माती बोटांना अशी चिकटेल की धुवायला पाणी शोधाल.

आता घडण, म्हणजे मातीचे कण एकमेकांना धरून ज्या आकाराचे तुकडे होतात ते, आणि तुमच्या दोन वावरांतला खरा फरक इथे आहे म्हणून जरा थांबतो. वरच्या वावरात दुसऱ्या थरात चौकोनी-बोथट ढेकळं निघतील, कोपरे गोलसर, हाताने दाबली की बारीक होतील. खालच्या वावरात साधारण दीड-दोन फुटाखाली जा, चाकूने टोकरा, आणि एक तुकडा सुटेल जो पाचरीसारखा तिरपा असेल, एका बाजूने निमुळता, आणि त्याची बाजू चकचकीत, घासून गुळगुळीत झाल्यासारखी, ओल असताना तर शिसपेन्सिल घासल्यासारखी चमक, त्यावर बारीक रेषा एकाच दिशेला ओढलेल्या. याला स्लिकनसाइड म्हणतात. ही चमक कुणी पॉलिश करून आलेली नाही. त्या मातीत स्मेक्टाइट नावाचं चिकण खनिज आहे, त्याच्या पापुद्र्यांत पाणी शिरलं की फुगतं, पाणी गेलं की आकसतं. उन्हाळ्यात माती आकसून भेगा पडतात, त्या भेगांत वरचा भुगा पडतो, पावसाळ्यात माती फुगायला जागा मागते पण चारी बाजूंनी दाबलेली, वरून वजन, मग ती तिरपी सरकते, एक तुकडा दुसऱ्यावर घासतो. ते तुकडे आडव्या पातळीशी १० ते ६० अंशात कलतात. जुन्या लेखनात वाचाल की त्यामुळे काळी जमीन स्वतःच स्वतःला नांगरते, वरची माती खाली खालची वर. ऐकायला छान वाटतं पण माझ्या मते ते फार वाढवून सांगितलंय, कारण असं भराभर ढवळलं जात असतं तर कर्ब आणि चुना सगळ्या खोलीवर सारखा मिळाला असता. प्रत्यक्षात खाली जाल तसा कर्ब शिस्तीत कमी होतो आणि चुना शिस्तीत वाढतो. माती जागच्या जागी घासते जास्त, ढवळते कमी.

मुळांचं काय होतं ते त्याच भिंतीत बघा. स्लिकनसाइडवरची बारीक मुळं चपटी झालेली दिसतील, पाचरीच्या बाजूबाजूने पसरलेली, आत शिरलेली फार कमी. कपाशीला तूरीला ते चालतं, एक हंगामाचं काम. वीस-पंचवीस वर्षं उभ्या राहणाऱ्या झाडाला दरवर्षी मुळं ओढली-ताणली जाणं परवडत नाही.

आता अक्षरं. ए म्हणजे वरचा थर जिथे सेंद्रिय भाग मिसळलाय, त्यापुढे पी लागला की नांगरलेला, म्हणून एपी, आणि आपल्याकडे नांगर न लागलेला ए जंगलाबाहेर क्वचितच सापडतो. जंगलात ए च्याही वर पालापाचोळ्याचा ओ असतो, शेतात तो विसरा. बी म्हणजे मधला थर जिथे मातीने स्वतःची काहीतरी घडण केलीय, त्यापुढचं बारीक अक्षर काय केलंय ते सांगतं. डब्ल्यू असेल तर रंग आणि घडण थोडीफार आली आहे एवढंच. टी असेल तर वरून चिकण कण वाहून इथे साचलेत, तांबड्या जमिनींत हे जास्त. के म्हणजे चुना साचलाय. एन म्हणजे सोडियम. जी म्हणजे पाणी तुंबून राखाडी-निळसर डाग आलेत. एसएस म्हणजे आत्ता सांगितलेली स्लिकनसाइड. बीएसएस१, बीएसएस२ असं लिहिलं असेल तर एकाच प्रकारचा थर, पण आतल्या आत थोडा फरक म्हणून दोन भाग केलेत. सी म्हणजे झिजलेला पण अजून माती न झालेला माल, आर म्हणजे कठीण पाषाण, आणि सीआर म्हणजे आपला मुरूम. हो, तोच मुरूम जो तुम्ही रस्त्यावर टाकता, कुदळीने निघतो, पाणी पितो आणि खाली सोडतो. तुमच्या कागदात वरच्या वावराला एपी, बीडब्ल्यू, सीआर आणि खालच्याला एपी, बीडब्ल्यू, बीएसएस१, बीएसएस२ असेल तर खरं म्हणजे पुढचं नाव न वाचताही अर्धं उत्तर तुमच्या हातात आहे.

नावाकडे येतो. भारतात जमिनीचे गट पाडायचं काम तसं जुनं आहे, १८९८ मध्ये लेदर नावाच्या इंग्रज कृषी रसायनशास्त्रज्ञाने गाळाची, काळी, तांबडी आणि जांभ्याची असे चार मोठे गट केले होते आणि शाळेच्या भूगोलात अजून जवळपास तेच चालतंय. नकाशाला रंग द्यायला ठीक आहे पण काळी म्हटलं की तुमची दोन्ही वावरं एकाच डब्यात गेली. आता सर्वेक्षणात अमेरिकन कृषी खात्याची पद्धत वापरतात, १९७५ ला पुस्तक म्हणून आली, १९९९ ला दुसरी आवृत्ती, आणि नागपूरला अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरो आहे त्यांचे नकाशेही याच पद्धतीचे. या पद्धतीत जगातल्या जमिनींचे १२ वर्ग, आणि नाव ठरवायची रीत चाळणीसारखी. पहिली अट लागू पडते का, नाही तर पुढची, नाही तर पुढची. काळी भेगाळणारी माती, म्हणजे व्हर्टिसॉल, सहाव्या नंबरला येते. अगदी शेवटी एंटिसॉल, म्हणजे कुठेच न बसलेली, फारशी घडण न झालेली. टेकडीच्या माथ्यावरची बरड जमीन तिथे जाते.

व्हर्टिसॉल म्हणायला तीन गोष्टी लागतात. एक, वरच्या १०० सेंमीच्या आत सुरू होणारा किमान २५ सेंमी जाडीचा थर ज्यात स्लिकनसाइड किंवा पाचरीच्या आकाराची ढेकळं आहेत. दोन, वरच्या १८ सेंमीत सरासरी आणि तिथून ५० सेंमीपर्यंतच्या प्रत्येक थरात चिकण ३० टक्के किंवा जास्त. तीन, ठरावीक काळाने उघडणाऱ्या-मिटणाऱ्या भेगा. बघा, यात रंग कुठेही नाही. माती काळी आहे म्हणून व्हर्टिसॉल होत नाही आणि काळी नसलेली व्हर्टिसॉल असू शकते.

नाव उजवीकडून वाचायचं. हॅप्लुस्टर्ट मधला शेवटचा अर्ट म्हणजे व्हर्टिसॉल. त्याआधीचा उस्ट म्हणजे पाऊस मोसमी, वर्षात ९० दिवस तरी माती कोरडी पडते पण पिकाच्या दिवसांत ओल असते. हॅपल म्हणजे विशेष दुसरं काही नाही, साधी. पुढे टिपिक म्हणजे या गटातली ठरलेली, इतर कुठली खोड नसलेली. हॅप्लुस्टेप्ट मधला एप्ट म्हणजे इन्सेप्टिसॉल, घडण सुरू झालेली पण फार पुढे न गेलेली, बाकी अर्थ तोच. याच्याही पुढे कधी लिहिलेलं असतं फाइन, स्मेक्टिटिक, हायपरथर्मिक. फाइन म्हणजे चिकण मध्यम-जास्त, ६० टक्क्यांच्या वर गेलं तर व्हेरी फाइन. हायपरथर्मिक म्हणजे जमिनीचं वर्षाचं सरासरी तापमान २२ अंश किंवा जास्त आणि उन्हाळा-हिवाळ्यात बऱ्यापैकी फरक. कोकणात फरक कमी म्हणून तिथे आयसोहायपरथर्मिक लिहितात. आणि सगळ्यात शेवटी सिरीजचं नाव, ते गावाचं असतं, जिथे ती माती पहिल्यांदा नीट नोंदली गेली त्या गावाचं.

टिपिकच्या जागी दुसरा शब्द असेल तर तिथे थांबून वाचा, कामाची गोष्ट तिथे असते. लेप्टिक हॅप्लुस्टर्ट म्हणजे आहे व्हर्टिसॉलच पण १०० सेंमीच्या आत मुरूम किंवा खडक लागतो. व्हर्टिक हॅप्लुस्टेप्ट म्हणजे इन्सेप्टिसॉल पण भेगा आणि स्लिकनसाइड थोड्याफार आहेत, अट पुरी होण्याइतक्या नाहीत. लिथिक म्हणजे कठीण पाषाण ५० सेंमीच्या आत. आणि सोडिक हॅप्लुस्टर्ट लिहिलेलं दिसलं तर बागेचा विचार पुन्हा करा. हे पूर्णा खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात दिसतं. वरून माती तशीच काळी, सुपीक वाटणारी. झालंय काय तर कमी पावसामुळे मातीतलं कॅल्शियम चुना बनून खाली बसतं आणि चिकण कणांवर त्याची जागा सोडियम घेतो, मग कण सुटे होऊन पाण्याचे मार्ग बुजतात. नावासाठी विनिमययोग्य सोडियम, म्हणजे चिकण कणांना धरून बसलेलं सोडियम, १५ टक्के लागतं. पण आपल्या स्मेक्टाइटवाल्या मातीत ५ च्या आसपासच निचरा बिघडायला लागतो हे तिथल्या अभ्यासांत दिसलेलं आहे, म्हणजे कागदावर टिपिक असलेली जमीन शेतात चोपण, म्हणजे पाणी न मुरणारी, वागू शकते. पुस्तकातला आकडा ज्या मातीवर ठरला ती आपली माती नव्हती, एवढं लक्षात ठेवून वापरायचं.

उलटही होतं. सह्याद्रीत भीमाशंकरच्या बाजूला एवढा पाऊस की माती पार धुऊन आम्लधर्मी निघायला पाहिजे, पण तिथल्या बेसाल्टमध्ये झिओलाइट खनिजं आहेत, ती कॅल्शियम पुरवत राहतात आणि जंगलाखाली चक्क मॉलिसॉल सापडतात, जो वर्ग आपण थंड गवताळ प्रदेशांशी जोडतो. नुसत्या पावसाच्या नकाशावरून माती ओळखणाऱ्यांची तिथे फजिती होते.

तुमच्या गावची उतरंड मात्र पुस्तकासारखी आहे आणि ती गावातल्या म्हाताऱ्यांना आधीपासून पाठ आहे. माथ्यावर बरड, त्याखाली मुरमाड-हलकी, मग मध्यम, आणि नाल्याकाठी भारी. माथ्यावरची माती दरवर्षी वाहते म्हणून तिथे कधी थरच बनत नाहीत. मधल्या उतारावर थोडी टिकते, बीडब्ल्यू बनतो, खाली मुरूम. तळाला शेकडो-हजारो वर्षांचं चिकण येऊन बसलंय, तिथे बीएसएस. आम्ही लिथिक उस्टॉर्थेंट (माथ्यावरची एंटिसॉल), टिपिक हॅप्लुस्टेप्ट, टिपिक हॅप्लुस्टर्ट लिहितो तेव्हा बऱ्याच अंशी तेच लिहितो, फक्त खोली आणि आकड्यांसकट, म्हणजे बीडच्या माणसालाही बैतूलच्या माणसालाही एकच कळतं. नाहीतर एका गावाची मध्यम ती दुसऱ्या गावाची भारी.

आता संत्रा. वरचं वावर घ्या, पण आधी मुरूम किती खोल आहे ते बघा, कारण टिपिक हॅप्लुस्टेप्ट हे नाव ६० सेंमीवर मुरूम असला तरी तेच आणि दीड मीटर असला तरी तेच, नाव तेवढं बारीक सांगत नाही. सर्वेक्षणाच्या कागदात नावाशेजारी खोली, उतार, धूप यांचा वेगळा कोड असतो, तो नावापेक्षा महत्त्वाचा. मुरूम पाऊण ते एक मीटरवर असेल तर यापेक्षा चांगली जागा शोधू नका, पाणी मुरमात उतरेल, मूळकूज आणि डिंक्याचा त्रास कमी राहील, आणि ताण देता येईल, म्हणजे पाणी तोडून झाडाला बहारावर आणता येईल. मृगाच्या बहाराला एप्रिल-मे मध्ये पाणी तोडलं की मध्यम जमिनीत झाड वेळेवर ताणावर येतं, भारीत खालची ओल झाडाला सोडत नाही, तुम्ही पाणी बंद करून बसता आणि झाड हिरवंगार. मुरूम दीड फुटाच्या आतच लागला तर मात्र तिथेही बाग नको, उन्हाळ्यात पाणी पाजता पाजता दमाल.

खड्डा खणालच तर आम्लाची बाटली घेऊन जा, पातळ हायड्रोक्लोरिक, डोळ्यांना-कपड्यांना जपून. प्रत्येक थरावर थेंब टाका. वरचा थर शांत आणि मुळांच्या खोलीवर जोरात फसफस, पांढरे मऊ गोळे किंवा खडे असतील तर तिथे चुना जास्त आहे, कोवळी पानं पिवळी पडून शिरा हिरव्या राहणार आणि दरवर्षी लोहाच्या फवारण्या मागे लागणार. माती परीक्षणाला पाठवायचंच असेल तर एक फूट, दोन फूट, तीन फूट असे वेगळे नमुने पाठवा आणि मुक्त चुना व विनिमययोग्य सोडियम आवर्जून मागा, साध्या पाकिटात ते नसतं.

खालचं वावर कपाशी-तूर, सोयाबीन-हरभऱ्याला ठेवा, ओल धरते, कोरडवाहू हरभरा तिथे तुम्हाला नक्कीच खूश करेल. तिथेच संत्रा लावायचा हट्ट असेल तर उंच गादीवाफे करून, उताराच्या दिशेने नाल्यापर्यंत चर काढून लावा, आणि आधी पावसाळ्यात एक मोठा पाऊस झाल्यावर तीन फूट खड्ड्यात पाणी किती दिवस उभं राहतं ते बघून घ्या. दोन दिवसांत उतरलं तर चर-वाफ्यांवर निभेल. आठवडाभर तसंच राहिलं तर रोपांचे पैसे वाचवा. खड्डा प्रत्येक वावरात एक नाही, उताराच्या वरच्या आणि खालच्या टोकाला असे किमान दोन घ्या, बांधापासून आणि जुन्या गोठ्याच्या जागेपासून लांब, आणि भिंतीचा मोजपट्टी लावून एक फोटो काढून ठेवा.